विश्लेषण : हिमनदी वाहते, हे मोजून दाखवणारे लुई आगासी कोण होते?

उत्तराखंडमधील चमोली येथे ७ फेब्रुवारी २०२१ रोजी प्रलय आला, तेव्हा ‘हिमनदी फुटली’ असे मथळे अनेक माध्यमांत झळकले होते. प्रत्यक्षात रोंटी शिखराच्या उतारावरून खडक आणि बर्फाचा प्रचंड भाग तुटून खाली आला होता. त्यात दोनशेहून अधिक लोक मृत वा बेपत्ता झाले. हिमनदी फुगा किंवा पाइप नव्हे, ती फुटत नाही. ती वाहते. मराठीत तर तिच्या नावातच नदी आहे. मात्र बर्फाचे हे अजस्र थर एके काळी युरोपच्या मोठ्या भागावर पसरले होते, ही गोष्ट दोनशे वर्षांपूर्वी बहुतेक शास्त्रज्ञांना मान्य नव्हती. ती जगाच्या गळी उतरवणारे नाव म्हणजे लुई आगासी (१८०७–१८७३). त्यांचे नाव पाठ्यपुस्तकांत गेले. पण ज्यांच्याकडून ते हिमनद्यांचा धडा शिकले, त्यांची नावे मागे पडली. आणि बर्फाच्या बाबतीत पुराव्यापुढे मान तुकवणाऱ्या याच माणसाने माणसांच्या बाबतीत मात्र पुरावा कधी मानला नाही. या शब्दाची आणि या आयुष्याची ही गोष्ट.

‘ग्लेशियर’ आणि ‘हिमनदी’ या शब्दांचा अर्थ काय?

‘ग्लेशियर’ हा शब्द आल्प्स पर्वतातल्या फ्रेंच भाषक खोऱ्यांतून आला. त्याचे मूळ ‘ग्लास’ म्हणजे बर्फ या फ्रेंच शब्दात आणि त्याही मागे ‘ग्लासिएस’ या लॅटिन शब्दात आहे. जर्मनमधील ‘ग्लेचर’ आणि इटालियनमधील ‘गियाच्यायो’ हेही त्याच कुळातले. अठराव्या शतकाच्या मध्यास शामोनीच्या खोऱ्यात जाऊन आलेल्या इंग्रज प्रवाशांनी हा शब्द आपल्या भाषेत नेला. म्हणजे युरोपीय शब्द फक्त एवढेच सांगतो, की इथे बर्फ आहे. तो हलतो की नाही, याबद्दल शब्द काहीच बोलत नाही.

मराठीने या शब्दाचे भाषांतर केले नाही, तर वस्तूच्या गुणधर्मावरून नवे नाव घेतले. हिम अधिक नदी, ती हिमनदी. तिने ओढून आणलेल्या दगडमातीच्या ढिगाला भूगोलाच्या पुस्तकात ‘हिमोढ’ म्हणतात. समुद्रात तरंगणारा बर्फाचा डोंगर तो ‘हिमनग’. यात एक गंमत आहे. संस्कृतात ‘नग’ म्हणजे जागचा न हलणारा, म्हणून पर्वत. आणि हिमनग तर सतत वाहत असतो. हिमनदी जमिनीवर असते, हिमनग पाण्यात. समुद्रापर्यंत पोहोचलेल्या हिमनदीचे किंवा हिमस्तराचे टोक तुटले, की हिमनग तयार होतो. बातम्यांत या दोन शब्दांची अनेकदा सरमिसळ होते.

घन बर्फ वाहतो कसा?

उंच डोंगरावर हिवाळ्यात पडलेला हिम उन्हाळ्यात पूर्ण वितळला नाही, तर वर्षानुवर्षे थरावर थर साचतात. वरच्या वजनाने खालच्या हिमातली हवा निघून जाते आणि त्याचा घट्ट, निळसर बर्फ होतो. हा थर साधारण ३० मीटरपेक्षा जाड झाला, की स्वतःच्या वजनाखाली त्याचा आकार हळूहळू बदलू लागतो. बर्फाचे स्फटिक एकमेकांवर सरकतात. तळाशी पाणी असेल, तर अख्खा थर खडकावरून घसरतो. इंजिनीअरिंगच्या भाषेत आकाराच्या संथ बदलाला ‘क्रीप’ म्हणतात. वेगाने घाव घातला तर बर्फ तुटतो. पण सतत दाब राहिला तर तो घट्ट पिठासारखा पसरत जातो.

भागीरथी जिथून निघते ते गोमुख हे सुमारे ३० किलोमीटर लांबीच्या गंगोत्री हिमनदीचे टोक आहे. काराकोरममधील सियाचीन हिमनदी तर ७० किलोमीटरहून अधिक लांब आहे.

आगासी हिमनद्यांकडे कसे वळले?

आगासी यांचा जन्म २८ मे १८०७ रोजी स्वित्झर्लंडमधील मोतिए या गावी झाला. वडील प्रोटेस्टंट धर्मोपदेशक. मुलाने डॉक्टर व्हावे ही घरच्यांची इच्छा होती. मुलाने झुरिच, हायडेलबर्ग आणि म्युनिक येथे शिकून वैद्यकाची पदवी घेतलीही. पण त्यांचे मन प्राणिशास्त्रात होते. ब्राझीलमधून आणलेल्या माशांच्या संग्रहावरचा त्यांचा ग्रंथ १८२९ मध्ये आला, तेव्हा ते जेमतेम २२ वर्षांचे होते. पुढे पॅरिसमध्ये त्या काळचे सर्वांत मोठे शरीररचनाशास्त्रज्ञ जॉर्ज क्युव्हिए यांनी जीवाश्म माशांवरची स्वतःची टिपणे या तरुणाच्या हवाली केली. अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांनी पैशांची मदत केली. १८३२ मध्ये आगासी नूशातेल येथे प्राध्यापक झाले आणि पुढल्या वर्षीपासून त्यांचा जीवाश्म माशांवरचा पाच खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध होऊ लागला. लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने १८३६ मध्ये त्यांना वोलॅस्टन पदक दिले. वयाच्या तिशीआधीच ते युरोपात नावाजले होते. हिमनद्यांशी मात्र त्यांचा तोवर काहीही संबंध नव्हता.

खरे निरीक्षण कोणाचे होते?

आल्प्सच्या पायथ्याला आणि त्याहून दूर जुरा पर्वतात ग्रॅनाइटचे अवाढव्य दगड विखुरलेले दिसतात. जुरा पर्वत चुनखडीचा आहे. मग हे परके दगड आले कुठून? महापुराने आणले, असे बहुतेक विद्वान मानत. तरंगत्या हिमनगांनी आणले असावेत, असेही एक मत होते.

बान्य खोऱ्यात जाँ-पिएर पेरोदाँ नावाचा एक शिकारी राहत असे. डोंगरी हरणांच्या मागे आयुष्य घालवलेल्या या माणसाने खडकांवर पडलेले ओरखडे पाहिले होते. आजच्या हिमनदीच्या काठावर तसेच ओरखडे पडतात, हेही त्याने पाहिले होते. त्यावरून त्याने सरळ निष्कर्ष काढला, की हे दगड हिमनदीनेच आणले आणि ती पूर्वी कितीतरी मोठी असली पाहिजे. १८१५ मध्ये त्याने ही गोष्ट मिठाच्या खाणीचे संचालक जाँ द शारपाँतिए यांना सांगितली. शारपाँतिए यांना ती अशक्य वाटली.

पेरोदाँचे म्हणणे गांभीर्याने घेतले ते इग्नाझ व्हेनेट्झ या सरकारी अभियंत्याने. १८१८ मध्ये याच खोऱ्यात जिएत्रो हिमनदीचा बर्फ कोसळून नदी अडली आणि मागे लांबलचक तलाव साचला. व्हेनेट्झ यांनी बर्फाच्या त्या बांधातून बोगदा खोदून पाणी थोडे थोडे सोडण्याचा प्रयत्न केला. बरेच पाणी बाहेर गेलेही. पण १६ जून रोजी बांध फुटला आणि चाळीसहून अधिक लोकांचा जीव गेला. बोगदा नसता तर हानी आणखी मोठी झाली असती. सिक्कीममध्ये ऑक्टोबर २०२३ मध्ये दक्षिण ल्होनाक सरोवर फुटून तीस्ता नदीवरील धरण वाहून गेले. त्या दुर्घटनेची जातकुळी हीच. फुटतो तो पाण्याचा बांध, हिमनदी नव्हे.

या अनुभवानंतर व्हेनेट्झ यांनी हिमनद्यांचे जुने हिमोढ शोधत डोंगर पालथे घातले. एके काळी हिमनद्यांनी स्वित्झर्लंडचे मैदान आणि त्यापलीकडचा प्रदेशही व्यापला होता, असे त्यांनी १८२९ मध्ये स्विस निसर्गशास्त्र परिषदेत मांडले. फारसे कोणी ऐकले नाही. मात्र शारपाँतिए यांचे मन बदलले. पेरोदाँला हसणारा माणूस आता त्याच्या बाजूने पुरावे गोळा करू लागला.

१८३६ च्या उन्हाळ्यात आगासी शारपाँतिए यांच्या गावी मुक्कामाला गेले. मित्राची चूक त्याला दाखवून द्यावी, असा त्यांचा इरादा होता. काही आठवडे डोंगरांत एकत्र हिंडल्यावर आगासी यांचेच मत बदलले.

‘हिमयुग’ हा शब्द कोणी दिला?

आगासी यांचा विद्यार्थिदशेतला मित्र कार्ल शिम्पर वनस्पतिशास्त्रज्ञ होता आणि कवीही. १८३६–३७ च्या हिवाळ्यात तो नूशातेलमध्ये होता. फेब्रुवारी १८३७ मध्ये त्याने एक कविता छापून वाटली आणि तीत ‘आइसत्साइट’ हा जर्मन शब्द घडवला. इंग्रजीतला ‘आइस एज’ आणि मराठीतला ‘हिमयुग’ हे त्याचेच पुढचे अवतार.

२४ जुलै १८३७ रोजी नूशातेलमध्ये स्विस निसर्गशास्त्र परिषदेची बैठक भरली. आगासी अध्यक्ष होते आणि जीवाश्म माशांवरचे व्याख्यान ऐकायच्या तयारीने मंडळी बसली होती. आगासी यांनी विषय बदलला. उत्तर ध्रुवापासून भूमध्य समुद्रापर्यंत एकेकाळी बर्फाचे आवरण पसरले होते, असे त्यांनी जाहीर केले. सभेत खळबळ उडाली. लिओपोल्ड फॉन बुख यांच्यासारखे ज्येष्ठ भूवैज्ञानिक संतापले. हुम्बोल्ट यांनी तर हा नाद सोडून माशांकडे परत जाण्याचा सल्ला दिला.

आगासी यांनी तो ऐकला नाही. १८४० मध्ये हिमनद्यांवरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो त्यांनी व्हेनेट्झ आणि शारपाँतिए यांना अर्पण केला. पण शारपाँतिए यांचे स्वतःचे पुस्तक छपाईच्या उंबरठ्यावर असताना तो काही महिने आधी बाजारात आला. शारपाँतिए दुखावले. शिम्परला तर श्रेय मिळालेच नाही आणि दोघांची मैत्री कायमची तुटली. पेरोदाँ विद्वानांच्या वर्तुळात कधीच नव्हता. हिमयुगाचा सिद्धान्त आगासी यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला.

त्यांचे कर्तृत्व मग नेमके कोणते? इतरांकडे निरीक्षण होते. आगासी यांच्याकडे प्रतिष्ठा होती, बोलण्याची ताकद होती आणि विरोध अंगावर घेण्याची तयारी होती. विखुरलेल्या नोंदी एकत्र करून त्यांनी त्या साऱ्या उत्तर गोलार्धाला लागू केल्या. स्थानिक वाटणारी गोष्ट पृथ्वीच्या इतिहासाचा भाग झाली, ती त्यांच्यामुळे.

बर्फाचा वेग त्यांनी कसा मोजला?

आगासी यांनी वाद पुस्तकात ठेवला नाही. १८४० पासून पुढची काही वर्षे उन्हाळ्यात ते सहकाऱ्यांसह उंटरआर हिमनदीवर जाऊन राहिले. हिमोढावरच्या एका मोठ्या दगडाच्या आडोशाला त्यांनी निवारा केला आणि गमतीने त्याला नूशातेलकरांचे हॉटेल म्हटले. हा दगडही हिमनदीबरोबर पुढे सरकत होता.

याच हिमनदीवर फ्रान्झ योसेफ हुगी या संशोधकाने १८२७ मध्ये एक झोपडी बांधली होती. १८४१ मध्ये मोजणी झाली तेव्हा ती मूळ जागेपासून सुमारे १,४०० मीटर खाली आली होती. म्हणजे वर्षाला साधारण १०० मीटर, दिवसाला पाऊण हातापेक्षाही कमी. डोळ्यांना हे दिसत नाही, मोजपट्टीला दिसते.

आगासी यांनी हिमनदीच्या आडव्या रेषेत बर्फात खोलवर खुंट रोवले आणि काठावरच्या पक्क्या खडकांवरून त्यांची जागा नोंदवली. वर्षभराने पाहिले, तर सरळ रेषेची कमान झाली होती. मधले खुंट जास्त पुढे गेले होते, काठाचे कमी. पाण्याची नदीही अशीच वाहते. मध्यावर जोर, काठाला घर्षण. बर्फाचे तापमान घेण्यासाठी त्यांनी छिद्रे पाडली. एकदा तर ते दोरीला बांधून हिमनदीतल्या विवरात शंभर फुटांहून अधिक खोल उतरले आणि बर्फाळ पाण्यात बुडता बुडता वाचले. अशाच मोजणीवरून स्कॉटलंडचे जेम्स फोर्ब्स यांच्याशी त्यांचा आधी कोणी केले, हा वाद झाला. श्रेयाचे भांडण या विषयाची पाठ सोडायला तयार नव्हते.

डार्विन यांना माघार का घ्यावी लागली?

१८४० मध्ये आगासी भूवैज्ञानिक विल्यम बकलंड यांच्यासह स्कॉटलंडला गेले. तेथील ग्लेन रॉय खोऱ्याच्या दोन्ही उतारांवर रस्त्यासारख्या समांतर, सपाट रेषा आहेत. हे जुने समुद्रकिनारे असावेत, असा निबंध चार्ल्स डार्विन यांनी १८३९ मध्ये लिहिला होता. आगासी यांनी पाहताक्षणी वेगळे उत्तर दिले. हिमनदीने खोऱ्याचे तोंड अडवले, मागे तलाव साचला आणि पाण्याच्या पातळीच्या त्या खुणा राहिल्या. आज हेच स्पष्टीकरण मान्य आहे. डार्विन यांनीही बऱ्याच वर्षांनी आपली चूक मान्य केली.

पुढे दोघांची जागा बदलली. चूक मान्य करायची पाळी आगासी यांच्यावर आली आणि त्यांनी ती केली नाही.

अमेरिकेत काय घडले?

ग्रंथांच्या छपाईने आगासी कर्जात बुडाले, संसार विस्कटला. हुम्बोल्ट यांच्या खटपटीने प्रशियाच्या राजाकडून अनुदान मिळाले आणि १८४६ मध्ये ते बोस्टनला गेले. तिथल्या व्याख्यानांना तुडुंब गर्दी झाली. पुढच्या वर्षी ते हार्वर्ड विद्यापीठात प्राध्यापक झाले. पहिल्या पत्नी सेसिल यांच्या निधनानंतर त्यांनी १८५० मध्ये एलिझाबेथ कॅरी यांच्याशी विवाह केला. एलिझाबेथ पुढे मुलींच्या उच्च शिक्षणासाठी स्थापन झालेल्या रॅडक्लिफ कॉलेजच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. आगासी यांनी १८५९ मध्ये हार्वर्डचे तुलनात्मक प्राणिशास्त्र संग्रहालय उभारले. विद्यार्थ्याच्या हातात एक मासा ठेवायचा आणि पुस्तक न उघडता दिवसेंदिवस तोच न्याहाळायला लावायचा, ही त्यांची शिकवण्याची पद्धत प्रसिद्ध होती.

त्याच वर्षी डार्विन यांचा उत्क्रांतीवरचा ग्रंथ आला. प्रत्येक प्रजाती ईश्वराने स्वतंत्रपणे निर्माण केली, यावर आगासी यांची श्रद्धा होती. हिमयुगाकडेही ते जुनी जीवसृष्टी पुसून टाकणारा अचानक आलेला प्रलय म्हणूनच पाहत. त्यामुळे उत्क्रांतीला त्यांनी अखेरपर्यंत विरोध केला. १८६५ मध्ये ते ब्राझीलला गेले. अॅमेझॉनच्या खोऱ्यातही बर्फ होता, हे त्यांना दाखवायचे होते; म्हणजे जुन्या आणि नव्या सृष्टीत दुवा उरत नाही. तिथल्या मातीत त्यांना हिमनदीच्या खुणा दिसल्याही. त्या तिथे नव्हत्या.

त्यांच्या कारकिर्दीवरचा मोठा डाग कोणता?

मानववंश वेगवेगळे निर्माण झाले आणि ते समान नाहीत, असे मत आगासी अमेरिकेत मांडू लागले. गुलामगिरीच्या समर्थकांना शास्त्रज्ञाच्या तोंडून हेच हवे होते. १८५० मध्ये आगासी यांच्या सांगण्यावरून दक्षिण कॅरोलायनातील कोलंबिया येथे गुलाम म्हणून राबणाऱ्या सात स्त्री-पुरुषांची छायाचित्रे काढण्यात आली. नमुन्यासारखे विवस्त्र उभे करून. त्यांची संमती कोणी विचारली नाही. ही छायाचित्रे १९७६ मध्ये हार्वर्डच्या पीबडी संग्रहालयाच्या माळ्यावर सापडली. त्यांवरचा न्यायालयीन वाद २०२५ मध्ये मिटला आणि ती चार्ल्सटन येथील आफ्रिकी-अमेरिकी संग्रहालयाकडे देण्याचे ठरले.

तो काळच तसा होता, असे म्हणून हे सोडून देता येत नाही. त्याच काळात डार्विन साऱ्या मानवजातीचे मूळ एक मानत होते. बर्फावर खुंट रोवून वर्षभर वाट पाहणाऱ्या आगासी यांनी माणसांबाबत निष्कर्ष आधी ठरवला आणि पुरावा मागून शोधला.

महाराष्ट्राशी याचा संबंध काय?

हिमनदीच्या खुणा ओळखण्याची जी दृष्टी आल्प्समध्ये तयार झाली, ती भारतातही कामी आली. १८७० च्या दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला चंद्रपूरजवळ पैनगंगेच्या पात्रात, ईरई गावापाशी ओरखडे उमटलेला चुनखडीचा खडक आणि तसेच घासलेले गोटे सापडले. विदर्भाच्या उन्हात हिमनदीच्या खुणा! मात्र त्या आगासी यांच्या हिमयुगाच्या नाहीत. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूभाग दक्षिण ध्रुवाजवळ होता, तेव्हाच्या त्या आहेत.

अलीकडच्या हिमयुगाचा परिणाम कोकण किनाऱ्यावरही झाला. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी इतके पाणी बर्फात अडकले होते, की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होती. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर असलेल्या बॉम्बे हाय तेलक्षेत्रात पाण्याची खोली ७५ मीटरच्या आसपास आहे. ढोबळ हिशेबाने तिथे तेव्हा जमीन होती.

आज काय उरले आहे?

आगासी यांचे १४ डिसेंबर १८७३ रोजी केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथे निधन झाले. त्यांच्या थडग्यावर आर हिमनदीच्या हिमोढातला दगड ठेवला आहे. उत्तर अमेरिकेत हिमयुगाच्या अखेरीस साचलेल्या आणि पुढे आटलेल्या प्रचंड सरोवराला १८७९ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले आणि ते आजही कायम आहे. काही ठिकाणचे नाव मात्र गेले. केंब्रिजमधील त्यांच्या नावाच्या शाळेला २००२ पासून मारिया बाल्डविन यांचे नाव आहे. त्या याच शाळेच्या कृष्णवर्णीय मुख्याध्यापिका होत्या. नूशातेल शहरानेही त्यांच्या नावाचा चौक २०१९ मध्ये तिलो फ्रे या स्विस-कॅमेरूनी वंशाच्या माजी खासदार महिलेच्या नावे केला.

ज्या हिमनद्यांवर त्यांनी खुंट रोवले, त्या आता मागे हटत आहेत. २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत स्वित्झर्लंडमधील हिमनद्यांचा सुमारे १० टक्के बर्फ नाहीसा झाला. हिमालयातही माघार सुरू आहे आणि मागे राहणाऱ्या खळग्यांत नवी सरोवरे साचत आहेत. संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे हिमनद्यांच्या संवर्धनाचे वर्ष आणि २१ मार्च हा जागतिक हिमनदी दिन म्हणून जाहीर केला, तो यासाठीच. हिमनदी किती सरकली, किती आटली आणि तिच्या मागे किती पाणी अडले, हे दरवर्षी जागेवर जाऊन मोजावे लागते. तिच्या पायथ्याशी राहणारी माणसे काय पाहतात, हेही ऐकावे लागते. बान्य खोऱ्यातल्या शिकाऱ्याचे कोणी १८१५ मध्ये ऐकले असते, तर हा विषय वीस वर्षे आधीच पुढे गेला असता.